मंत्री अब्जाधीश, मतदार तासाच्या मजुरीवर: नुकसान नेमकं कुठे होतं?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत कारखान्यांत, गोदामांत, ट्रकवर काम करणाऱ्यांनी ट्रम्प यांना भरभरून मतं दिली आणि त्यांनी मंत्रिमंडळ भरलं ते अब्जाधीशांनी. मग ही सरळसरळ फसवणूकच नाही का? गडगंज माणूस कामगाराचं हित बघूच शकत नाही, असं धरून चालायचं का?

मी गेली बावीस वर्षं ओहायो आणि पेन्सिल्वेनियात बुडवलेल्या मजुरीचे आणि ओव्हरटाइमचे दावे लढवतो. माझ्या अशिलांपैकी बरेचजण ट्रम्प यांचे मतदार आहेत. मी विचारत नाही, ते आपणहून सांगतात. तेव्हा हे उत्तर राज्यशास्त्राच्या वर्गातलं नाही, फायलींमधलं आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे: नाही, तसं धरून चालता येत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे खरं असलं, तरी ज्याला कळतं त्याच्या हातात पाण्याची बादली असेलच असं नाही. याचा सगळ्यात चोख पुरावा १९५३ सालचा आहे.

आयझेनहॉवर यांनी पहिलं मंत्रिमंडळ नेमलं तेव्हा त्याची थट्टा झाली होती, "आठ लक्षाधीश आणि एक प्लंबर". लक्षाधीशांमध्ये जनरल मोटर्सचे प्रमुख चार्ल्स विल्सन संरक्षणमंत्री होते; कंपनीचे शेअर विकायला लागू नयेत म्हणून त्यांनी आधी बरीच खळखळ केली, पण सिनेटने ऐकलं नाही. प्लंबर म्हणजे मार्टिन डर्किन, प्लंबर-पाइपफिटरांच्या युनियनचे अध्यक्ष, कामगारमंत्री. त्यांना एकच मोठं काम करायचं होतं: युनियनांचे हात बांधणाऱ्या १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यात दुरुस्त्या. एकोणीस दुरुस्त्यांचा मसुदा तयार झाला, राष्ट्राध्यक्षांनी तो मान्य केलाय अशी डर्किन यांची समजूत होती. तो पुढे सरकलाच नाही आणि सप्टेंबर १९५३ मध्ये, आठ महिनेही पूर्ण व्हायच्या आत, त्यांनी राजीनामा दिला. मंत्रिमंडळात एकमेव माणूस कामगारांचा, आणि त्याचं ऐकणारं तिथे कुणी नाही.

आता गंमत बघा. त्यांच्या जागी आले जेम्स मिचेल. हे ब्लूमिंगडेल्ससारख्या बड्या दुकानात कर्मचारी व्यवहार सांभाळलेले, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूचे. युनियनवाल्यांना वाटलं, संपलं आता. पण हा माणूस १९६१ पर्यंत टिकला, स्थलांतरित शेतमजुरांच्या हालांबद्दल बोलत राहिला, आणि युनियनची वर्गणी ऐच्छिक करून युनियन पोखरणाऱ्या राज्य कायद्यांना त्याने आपल्याच पक्षाच्या विरोधात जाऊन विरोध केला. आयझेनहॉवर त्याचं ऐकायचे. डर्किन यांचं नाही.

फ्रान्सिस पर्किन्स यांचंही तसंच. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी त्यांना कामगारमंत्री केलं तेव्हा बाई युनियनमधल्या नाहीत म्हणून अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरच्या अध्यक्षांनी जाहीर नाराजी दाखवली. रूझवेल्ट स्वतः हडसन नदीकाठच्या पिढीजात श्रीमंत घरातले. पण पर्किन्स यांनी १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग रस्त्यावर उभं राहून पाहिली होती. त्यात १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. मंत्रिपद स्वीकारण्याआधी त्यांनी रूझवेल्ट यांच्यापुढे यादी ठेवली, हे करणार असाल तर येते. त्यातूनच पुढे १९३५ चा सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनचा, कायदा आला आणि १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्‌स ॲक्ट, म्हणजे किमान वेतनाचा आणि ओव्हरटाइमचा कायदा, ज्याच्यावर माझं घर चालतं. पहिलं किमान वेतन तासाला २५ सेंट होतं.

उलट बाजूला अँड्र्यू मेलन. देशातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक, १९२१ ते १९३२ अर्थमंत्री. त्यांच्या काळात प्राप्तिकराचा सर्वोच्च दर ७३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आला. तिथे आश्चर्य कशाचंच नव्हतं.

म्हणजे संपत्ती बघून अंदाज बांधता येतो, निकाल सांगता येत नाही. आणि कधीकधी एकाच माणसात दोन्ही गोष्टी सापडतात. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतले वाणिज्यमंत्री विल्बर रॉस घ्या. त्यांच्याबद्दल माझ्या भागात आजही दोन घरांत दोन मतं ऐकू येतात.

२००२ मध्ये क्लीव्हलंडची एलटीव्ही ही पोलाद कंपनी दिवाळखोरीत बंद पडली होती. रॉस यांनी ती उचलली, युनियनशी नवा करार केला, कामांच्या ढीगभर वर्गवाऱ्या मोडून पाचेक ठेवल्या आणि भट्ट्या पुन्हा पेटवल्या. पुढच्या वर्षी बेथलेहेम स्टील घेतली. ज्यांच्या नोकऱ्या वाचल्या त्यांच्या दृष्टीने हा माणूस तारणहार. पण बेथलेहेमचं पेन्शन त्याआधीच सरकारी विमा महामंडळाच्या गळ्यात पडलं होतं, आणि दिवाळखोरीच्या त्या व्यवहारात निवृत्त कामगार आणि त्यांचे कुटुंबीय अशा सुमारे ९५,००० जणांचा वैद्यकीय विमा बंद झाला. नव्या मालकाने यंत्रं घेतली, जुनी देणी घेतली नाहीत. २००५ मध्ये सगळा डोलारा सुमारे साडेचार अब्ज डॉलरना मित्तल यांच्याकडे गेला. २०१८ मध्ये हेच रॉस मंत्री म्हणून परदेशी पोलादावर आयात शुल्काची शिफारस घेऊन आले आणि ट्रम्प यांनी २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा पोलाद कामगारांच्या युनियनने स्वागत केलं. तेच पोलाद विकत घेऊन सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांतल्या कामगारांनी मात्र केलं नाही. "कामगारांचं हित" हा शब्द आपण एकवचनात वापरतो. प्रत्यक्षात भट्टीवरच्या मुलाचं हित आणि त्याच्या निवृत्त बापाचं हित एकाच कागदावर एकमेकांना काट मारू शकतं.

मग श्रीमंत मंत्र्यांवर लक्ष ठेवायला कायदा काही करतो की नाही? करतो, आणि इथे बहुतेक लोकांची गल्लत होते. नेमणूक झालेल्या माणसाला आपल्या मालमत्तेचं लांबलचक विवरण द्यावं लागतं. ज्या कंपनीत त्याचे शेअर आहेत तिच्या प्रकरणात हात घालणं फौजदारी गुन्हा आहे. (राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षांना हे कलम लागू नाही.) म्हणून शेअर विकावे लागतात, आणि त्या विक्रीवरचा भांडवली नफ्याचा कर पुढे ढकलायची सोयही आहे. गोल्डमन सॅक्सचे प्रमुख हेन्री पॉलसन २००६ मध्ये अर्थमंत्री झाले तेव्हा त्यांनी सुमारे ५० कोटी डॉलरचे शेअर असेच विकले. त्यात गैर काही नव्हतं, कायद्यानेच सांगितलं होतं.

पण हा कायदा "विशिष्ट प्रकरणा"पुरता आहे. एखाद्या कंपनीचं कंत्राट, एखाद्या उद्योगाचा नियम, तिथे तो लागतो. सगळ्या देशाचे कराचे दर, सगळ्या मालकांना लागू होणारं धोरण, हे मोठ्या आणि निरनिराळ्या लोकसमूहाला लागू होणारं म्हणून त्याच्या बाहेर राहतं. म्हणजे मंत्र्याकडे एका तेल कंपनीचे चार शेअर असले तर फॉर्ममध्ये लाल खूण होते. पण त्याचे सगळे मित्र, शेजारी, मुलांचे सासरे मालकवर्गातले आहेत आणि तासावर मजुरी घेणाऱ्या माणसाशी त्याचं गेल्या तीस वर्षांत बोलणं झालं ते फक्त ऑर्डर देण्यापुरतं, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. शेअर विकता येतात. सवयी कुठे विकणार?

ट्रम्प यांनी जून २०१७ मध्ये आयोवातल्या सीडर रॅपिड्‌सच्या सभेत हे उघडच सांगितलं होतं: माझं गरीब-श्रीमंत सगळ्यांवर प्रेम आहे, पण या विशिष्ट पदांवर मला गरीब माणूस नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांकडे मी नंतर येतो.

आधी नुकसान कुठे होतं ते. माझ्या अनुभवात मंत्र्याने कामगाराविरुद्ध केलेल्या सहीपेक्षा त्याने न केलेल्या सह्या महाग पडतात.

ओव्हरटाइमच्या मर्यादेची गोष्ट सांगतो. ती कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच तिच्यात पैसा दडलेला असतो. अमेरिकेत आठवड्याला ४० तासांवर काम झालं की दीडपट मजुरी द्यावी लागते. पण "मॅनेजर" वगैरे पदावरच्या पगारी माणसाला ती नाकारता येते, जर त्याचं काम खरंच व्यवस्थापनाचं असेल आणि पगार एका ठरावीक आकड्याच्या वर असेल. कामाचं स्वरूप कोर्टात सिद्ध करायला दोन वर्षं जातात. पगाराचा आकडा मात्र एका नजरेत कळतो, त्यामुळे तोच खरा कुंपणाचा खांब.

हा आकडा वर्षाला २३,६६० डॉलर होता. ओबामा सरकारने २०१६ मध्ये तो ४७,४७६ करायचं ठरवलं. कामगार खात्याच्या हिशेबाने ४२ लाख लोक नव्याने ओव्हरटाइमला पात्र झाले असते. अंमल सुरू व्हायच्या काही दिवस आधी टेक्सासच्या फेडरल न्यायाधीशांनी तो थांबवला. मग सरकार बदललं. नव्या राष्ट्राध्यक्षांची कामगारमंत्री म्हणून पहिली पसंती होती हार्डीज आणि कार्ल्स ज्युनियर ही बर्गरची दुकानं चालवणाऱ्या कंपनीचे प्रमुख अँड्र्यू पझ्डर. त्यांना फेब्रुवारी २०१७ मध्ये माघार घ्यावी लागली, आणि पेपरांत जल्लोष झाला. पण अपिलात त्या ४७,४७६ चा बचाव नव्या सरकारने केलाच नाही. २०२० पासून आकडा ३५,५६८ वर आला. पझ्डर गेले, पण त्यांच्यासारख्या मालकांना हवं होतं त्याच्या जवळपास जाणारं धोरण राहिलं.

बायडन सरकारने हा आकडा पुन्हा वर नेला: १ जुलै २०२४ पासून ४३,८८८ आणि जानेवारी २०२५ पासून ५८,६५६. माझी एक अशील एका खाद्यसाखळीच्या दुकानात असिस्टंट मॅनेजर होती, नाव सांगत नाही, दुकानाचंही नाही. वर्षाला ३६,४०० डॉलर, म्हणजे जुन्या आकड्याच्या जेमतेम वर, मुद्दाम ठेवलेला. आठवड्याला साठ तास. भागाकार करा: तासाला पावणेबारा डॉलरच्या आत. तळणीवर, गल्ल्यावर, फरशी पुसायला सगळीकडे तीच, पण टोपीवर "मॅनेजर". जुलैमध्ये तिचा पगार झटक्यात नव्या आकड्याच्या वर गेला. १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्सासच्याच एका कोर्टाने नियम रद्द केला, आणि जानेवारीत तिला "फेररचनेचं" पत्र मिळालं. पगार पुन्हा ३६,४००. या सगळ्यात कुठला मंत्री वाईट वागला? सापडणार नाही. लाच नाही, घोटाळा नाही. एका निकालावर कुणी किती नेटाने लढायचं, एवढाच प्रश्न होता.

या पार्श्वभूमीवर २०२५ चा मोठा करकायदा बघा, कारण त्यात कामगारांसाठी खरोखर काही आहे आणि ते नाकारणं अप्रामाणिक होईल. ४ जुलै २०२५ ला त्याच्यावर सही झाली. टिपांवर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत आणि ओव्हरटाइमवर एकट्या माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत करवजावट, २०२८ पर्यंत. माझे अशील खूश आहेत आणि त्यांनी का असू नये? फक्त दोन गोष्टी मी त्यांना समजावतो. एक, वजावट पूर्ण ओव्हरटाइमवर नाही, वरच्या "अर्ध्या" भागावर आहे: ताशी २० चे ३० मिळाले तर वजा होतात १०. दुसरी जास्त महत्त्वाची: हा ओव्हरटाइम कायद्याने देणं बंधनकारक असलेलाच हवा. म्हणजे आकड्याच्या कुंपणाबाहेर ठेवलेल्या माझ्या त्या अशिलाला, जी साठ तास राबते, या सवलतीचा एक सेंट मिळत नाही. तिला ओव्हरटाइमच नाही, तर त्यावरची सूट कसली! करकायद्याने सवलत दिली, कामगार खात्याने ती कुणाला लागू होईल हे ठरवणारी रेघ खाली राहू दिली.

त्याच कायद्यात मेडिकेडसाठी, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी, महिन्याला ८० तास कामाचा पुरावा द्यायची अट आहे. ज्याची शिफ्ट मालक रविवारी रात्री फोनवर कळवतो, त्याला हे तास आपल्या हातात नसतात. असा नियम लिहिणाऱ्याने असली शिफ्ट कधी केलेली नसते, एवढं मी खात्रीने म्हणेन. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की एकूण कायद्यामुळे सर्वांत गरीब दहा टक्के घरांचं वर्षाला सरासरी सुमारे १,२०० डॉलरचं नुकसान होईल आणि सर्वांत श्रीमंत दहा टक्क्यांचा सुमारे १३,६०० डॉलरचा फायदा.

त्याहून शांतपणे होणारी गोष्ट म्हणजे रिकामी खुर्ची. युनियन बांधणाऱ्या कामगाराला काढून टाकलं तर तक्रार जाते नॅशनल लेबर रिलेशन्स बोर्डाकडे. पाच सदस्य, निर्णयाला किमान तीन हवेत. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच पक्कं केलंय. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी ग्विन विलकॉक्स या सदस्याला काढलं आणि बोर्डावर दोनच उरले. जवळजवळ वर्षभर बोर्ड अंतिम निकाल देऊ शकलं नाही. कायदा जागच्या जागी, कामगाराचा हक्क जागच्या जागी, फक्त दार बंद. मालकाला एवढं पुरतं. दावा वर्षभर लांबला की काढलेला माणूस दुसरी नोकरी धरतो, साक्षीदार पांगतात.

आणि त्याच सरकारने २०२५ मध्ये कामगारमंत्री नेमलं कुणाला? लोरी चावेझ-डीरेमर यांना. टीमस्टर या ट्रकचालकांच्या मोठ्या युनियनच्या सदस्याची मुलगी, युनियनांना बळ देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा देणाऱ्या मोजक्या रिपब्लिकनांपैकी एक. टीमस्टरांच्या अध्यक्षांनी त्यांची बाजू घेतली, सिनेटने ६७ विरुद्ध ३२ मतांनी मान्यता दिली. सुनावणीतच त्यांनी त्या विधेयकातल्या काही भागापासून अंतर घेतलं. जुलै २०२५ मध्ये त्यांच्या खात्याने घरी जाऊन वृद्धांची सेवा करणाऱ्यांना २०१३ मध्ये मिळालेलं किमान वेतनाचं आणि ओव्हरटाइमचं संरक्षण काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला. मला डर्किन आठवले. फरक इतकाच की डर्किन त्याच मुद्द्यावरून उठून गेले.

आता त्या टाळ्या. माझ्या अशिलांना मूर्ख समजणाऱ्या लोकांशी माझं जमत नाही. त्यांनी आधीचे श्रीमंतही पाहिलेत. क्लिंटन यांचे अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन गोल्डमन सॅक्समधून आले आणि पद सोडल्यावर सिटीग्रुपमध्ये गेले. ओबामांच्या वाणिज्यमंत्री पेनी प्रिट्झकर हयात हॉटेलवाल्या घराण्यातल्या अब्जाधीश. १९९४ चा अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला नाफ्टा व्यापार करार, २००१ मध्ये चीनचा जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश, यांना दोन्ही पक्षांतल्या सुटाबुटातल्या माणसांनी हातभार लावला आणि कुलूप लागलं ते आमच्या भागातल्या कारखान्यांना. फेडरल किमान वेतन जुलै २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय. तेव्हापासून दोन्ही पक्ष सत्तेत येऊन गेले. एका वेल्डरने मला सांगितलं होतं, "श्रीमंतच येणार असेल तर उघड श्रीमंत बरा. निदान भाषण तरी देत नाही." मी त्याच्याशी सहमत नाही, पण त्याला खोडून काढणं मला जमलंही नाही.

बरं, आपला माणूस बसवूनही सगळं साधतं असं नाही. बायडन यांचे कामगारमंत्री मार्टी वॉल्श खरेखुरे बांधकाम मजूर आणि युनियन नेते. त्यांच्याच काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, रेल्वे कामगारांवर काँग्रेसने करार लादला आणि पगारी आजारपणाची रजा, जिच्यासाठी सगळं भांडण होतं, त्यात नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये टीमस्टरांनी कुणालाच पाठिंबा न देण्याचं ठरवलं. त्यांच्या अंतर्गत चाचणीत जवळपास ६० टक्के सदस्य ट्रम्प यांच्या बाजूने होते. ते आकाशातून पडले नव्हते.

म्हणून मंत्र्याची संपत्ती किती, हा प्रश्न मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आधी बघतो त्याच्या हाताखाली कोण: कामगार खात्याचा सॉलिसिटर, म्हणजे कोर्टात लढायचं की सोडून द्यायचं हे ठरवणारा, वेतन आणि कामाचे तास बघणाऱ्या विभागाचा प्रशासक, लेबर बोर्डाचा जनरल कौन्सेल, म्हणजे बोर्डापुढे खटले चालवणारा मुख्य वकील. मग बघतो या लोकांना निरीक्षक किती दिले. सोळा कोटींहून अधिक कामगारांवर नजर ठेवायला त्या विभागाकडे देशभरात हजारही तपासनीस नाहीत. या जागांवर कोण येतं याच्या बातम्या तिसऱ्या पानावरही येत नाहीत.

मार्च २०२२ मध्ये डेव्हिड वाइल यांचं नाव त्या प्रशासकपदासाठी सिनेटपुढे होतं. पोटकंत्राटं आणि फ्रँचायझीच्या आड मालक कसे लपतात, यावर त्यांचा अभ्यास इतका पक्का की मालकांच्या संघटना घाबरून होत्या. ते अब्जाधीश नव्हते, प्राध्यापक होते. ५३ विरुद्ध ४७ मतांनी ते पडले, आणि पाडणाऱ्यांमध्ये तीन डेमोक्रॅट होते. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे चार अशील येऊन गेले, चौघेही फ्रँचायझीच्या दुकानांत कामाला. चौघांनाही विचारलं, काल सिनेटमध्ये काय झालं माहीत आहे का. एकानेही ते नाव ऐकलेलं नव्हतं.